बारा सुया आणि एक उखाणा

माझ्या बहिणीचं कन्यादान आमच्या काका-काकूंनी केलं. आईवडील दोघंही धडधाकट होते, कार्यालयात हजर होते, पत्रिकेवर निमंत्रक म्हणून त्यांचीच नावं होती. तरी पाटावर बसले ते अनंतकाका आणि नलूकाकू. याला जबाबदार मी.

पण हे मी बोललोच नाही असं समजा. आत्ता फेब्रुवारी आहे, लग्न मेमध्ये आहे, पत्रिकेचा मजकूरसुद्धा ठरलेला नाही, आणि मी मिरजेत एका जिन्याखाली स्कूटर लावतोय.

"लांब लाव," आई म्हणाली. "कुणी ओळखेल."

"स्कूटरला?"

"एमएच दहा आहे."

"आई, सांगली-मिरजेत सगळ्याच एमएच दहा आहेत."

"म्हणूनच म्हणते."

मी स्कूटर लांब लावली. आई मुलींच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायची. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याची नोंद नव्हती.

खाली तंबोरे बनवणाऱ्याचं दुकान होतं आणि वर डॉ. एस्तेर गायकवाड यांचा अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना. बाई दोन वर्षं चीनमध्ये राहून शिकून आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत आठ बायका आणि मी. भिंतीवर एका चिनी माणसाचं चित्र होतं. त्याच्या अंगावर साडेतीनशेच्या वर ठिपके होते आणि चेहऱ्यावर त्याबद्दल काहीही तक्रार नव्हती. मी त्याच्यासारखा चेहरा करून बसलो. तपासायची खोली म्हणजे नुसता पडदा, त्यामुळे आईचं गुपित मला न विचारता कळलं.

"काय होतंय?" डॉक्टर.

"उकडतं."

"कधीपासून?"

"जानेवारीत सगळे स्वेटर घालून होते तेव्हापासून. फळ्यावर प्रमेय लिहीत असते आणि छातीतून एक लाट वर येते. कानापर्यंत. दोन मिनिटांत ब्लाउज भिजतो, मग थंडी वाजते. मुलींना वाटतं, बाई प्रमेयाला घाबरल्या."

"झोप?"

"नाही."

"पाळी?"

"दहा महिने झाले, नाही."

शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातलं मासिक सरळ केलं. ते आधीपासून सरळच होतं, म्हणून ते आता उलटं झालं.

"स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलंत?"

"दाखवलं. तपासण्या केल्या सगळ्या. माझ्या तब्येतीला हार्मोनच्या गोळ्या नकोत म्हणाल्या. वयाचं आहे, जाईल म्हणाल्या. पण मला थांबायला वेळ नाही डॉक्टर. तेवीस मेला मुलीचं लग्न आहे."

"मग?"

"होम पेटला की पंखे बंद करतात."

खालून तार पिळल्याचा आवाज आला.

"आमच्यात चालू असतात," डॉक्टर म्हणाल्या.

"नशीबवान आहात."

मग आईने जानेवारीतली गोष्ट सांगितली. अनंतकाकांची वास्तुशांत होती. आई-बाबा मोठे म्हणून होमाजवळ बसले, आणि आहुती चालू असताना आई मध्येच उठून गॅलरीत पळाली. "सहा जणींनी येऊन विचारलं, काय होतंय. सातवीने विचारलं नाही, तिने उरलेल्यांना सांगितलं. मला चर्चेचा विषय व्हायचं नाही. लेकीच्या लग्नात दीड तास पाटावर बसून कन्यादान करायचंय, एवढंच. घरी यांनासुद्धा मी गुडघा म्हणून सांगितलंय."

"चिनी वैद्यक म्हणतं," डॉक्टर म्हणाल्या, "आतलं पाणी आटलं की आग वर चढते. तर आग विझवायच्या मागे लागायचं नाही, पाणी वाढवायचं. बारा बैठका करू, दर गुरुवारी. जादू नाही हां ताई. कुणाला चांगला फरक पडतो, कुणाला थोडाच. झोपा इथे."

वीस मिनिटांनी मला आत बोलावलं. आई पलंगावर उताणी, आणि हातापायांना, कपाळाला मिळून बारा सुया. मी मोजल्या.

"हसलास तर बघ," आई ओठ न हलवता म्हणाली.

"तुझं काम शिकून घे," डॉक्टर मला म्हणाल्या. त्यांनी आईच्या पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर चार बोटं मोजून जागा दाखवली. "इथे शरीरातल्या शक्तीच्या तीन वाटा मिळतात. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मिनिटं दाबायचं."

मी वाकलो आणि अंगठा टेकवला. पायाला हात लागताच आईच्या तोंडून आपोआप निघालं, "औक्षवंत हो."

डॉक्टरांनी विचारलं, "दुखलं का?"

"नाही, सवय आहे."

त्यानंतर दोन महिने मला दिवसातून चार वेळा, म्हणजे दोन्ही पायांचे धरून, दीर्घायुष्य मिळत होतं. मी इंजिनिअरिंगचे दोन विषय मागे ठेवून घरी बसलो होतो. एवढं आयुष्य घेऊन काय करायचं हा प्रश्न होताच, पण मी अंगठा चुकवला नाही.

सुयांच्या जोडीला कानाच्या पाळीवर मोहरीचे दाणे असायचे, कातडीच्या रंगाच्या पट्टीखाली. अधूनमधून ते चिमटीत दाबायचे. तिसऱ्या दिवशी बाबांनी जेवताना वाकून पाहिलं.

"वैजू, कानाला काय गं?"

"मोहरी."

"फोडणी इतकी उडते?"

"कढई जुनी झालीय."

दुसऱ्या दिवशी बाबा नवी कढई घेऊन आले. झाकणासकट. आईने ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली, आणि मी पहिल्यांदा आईला खोटं बोलल्याची लाज वाटताना पाहिलं. तरी तिने खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबांनी काळजीने चार भावांना फोन केले असते. बाबांची काळजी नेहमी फोनवर चालते.

शिवाय शेवंतीचा चहा होता. वाळवलेली फुलं पाकिटातून यायची. "देवाला वाहायची फुलं मी उकळून प्यायची?" असं म्हणत आईने पहिला कप प्यायला. दुसऱ्या कपापासून तिने देवाचं नाव काढलं नाही.

पाचव्या बैठकीपर्यंत दिवसातल्या लाटा अकरावरून चारवर आल्या. हे आकडे आईचे, म्हणजे बरोबर असणार. ती झोपायला लागली. सकाळी आम्हाला उठवताना चिडायची बंद झाली, त्यामुळे आम्ही उशिरा उठायला लागलो.

सहाव्या बैठकीनंतरच्या शनिवारी, बाबा ऑफिसला आणि माझी बहीण शर्वरी साड्यांच्या खरेदीला गेलेली असताना, आईने स्वयंपाकघराची खिडकी लावली, पंखा बंद केला, गॅसच्या तिन्ही शेगड्या पेटवल्या आणि ओट्यापुढे पाट मांडला. अंगावर पैठणी.

"तू गुरुजी हो," ती म्हणाली.

"मला मंत्र येत नाहीत."

"काहीही म्हण. लांबवत म्हण, गुरुजी लांबवतात."

मी मांडी घालून बसलो आणि गंभीर आवाजात पायथागोरसचं प्रमेय म्हणालो. मग दोन विषय मागे पडलेल्या इंजिनिअरला जेवढं आठवतं तेवढं सगळं म्हणालो. दर पाच ओळींनी "स्वाहा" म्हटलं की आई गंभीरपणे चमच्यातून पाणी सोडायची. तिसाव्या मिनिटाला लाट आली. मला दिसली, गळ्यावरून लाल रंग चढताना. आईने डोळे मिटले. काही वेळाने रंग उतरला. ती बसूनच होती.

"किती झालं?"

"चाळीस मिनिटं. स्वाहा."

आई मोठ्यांदा हसली. शेगड्या बंद करताना म्हणाली, "जमेल रे हृषी. मला वाटतं, जमेल."

केळवण एप्रिलात झालं, सातव्या बैठकीनंतरच्या रविवारी, अनंतकाकांच्या त्याच नव्या घरात. तीसेक माणसं. शर्वरीचा होणारा नवरा, त्याचे आईवडील, आमचे सगळे.

इथे उखाण्यांबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या कॉलनीत कुणाचंही लग्न ठरलं की नवरीची आई आमच्या दारात यायची, "बाई, आमच्या पोरीला एक चांगला उखाणा द्या." आई जावयाचं नाव विचारायची, कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत विचार करायची आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून द्यायची. तिचे उखाणे आजही सांगलीतल्या निदान चाळीस संसारांत चालू आहेत. ती स्वतः मात्र कधीच जुना उखाणा घेत नसे. प्रत्येक वेळी नवा, तिथल्या तिथे.

जेवणं झाली आणि नलूकाकू हात पुसत मधे उभ्या राहिल्या. "वहिनी, आता तुमचा. तुमच्या उखाण्याशिवाय माझं केळवण पुरं होणार नाही."

आई हसून उभी राहिली. बाबांनी खुर्ची सरळ केली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी आपलं नाव येणार म्हटलं की ते खुर्ची सरळ करायचे.

आई काही बोलली नाही.

तिने मान खाली घातली. उजव्या हाताचा अंगठा डाव्या मनगटावर ठेवला. गळ्याशी लाली दिसत होती. मी समोर होतो, मला सगळ्यांत आधी दिसली. कुणीतरी वाटीवर चमचा वाजवला.

"वहिनी अडकल्या!" एक आत्या म्हणाली.

"अगंबाई, वैजयंतीबाई आणि अडकल्या?"

शर्वरीच्या होणाऱ्या सासूबाई समजुतीने हसत होत्या. ती समजूत मला बघवेना. माझी आई, उखाण्यांची आई, तीस माणसांसमोर अडकली आहे. तिला कुणीतरी सोडवायला हवं. आणि घरातला विनोदी माणूस मी.

मी उभा राहिलो. चेहरा भिंतीवरच्या चिनी माणसासारखा केला, आणि आईच्या आवाजात म्हणालो,

"पन्नाशीचा भडका, पंखे लावा चार,
बारा सुया टोचून घेते रमाकांतरावांची नार!"

तुम्हाला खोटं वाटेल, पण यमक जुळल्याचा मला आनंद झाला.

घर हसण्याने भरलं. अनंतकाकांना ठसका लागला. हसू ओसरत असताना सासूबाईंनी विचारलं, "सुया कसल्या?"

इथे थांबता आलं असतं. पण माणसं हसत असताना थांबलेला विनोदी माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी सांगितलं. चिनी उपचार, पाळी गेल्यावरचा उकाडा, दर गुरुवार, कानाची मोहरी, तिन्ही शेगड्यांचा होम. सुया टोचलेली आई कशी दिसते ते मी सतरंजीवर आडवा पडून दाखवलं. सासूबाई डोळे पुसत होत्या. बाबा पहिल्या दोन वाक्यांना हसले, मग त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, बंद करायला विसरलेल्या दिव्यासारखं. आणि सगळ्यांत मोठ्याने आई हसत होती. टाळी वाजवून. मला वाटलं, वाचवलं मी तिला.

नंतर सहा-सात जणी तिच्याभोवती जमल्या. "अगं, सांगायचं नाही का?" "माझ्या नणंदेला असंच झालं होतं." "होमाला कशी बसणार गं तू?" नलूकाकूंनी तिच्या दिशेने पंखा वळवून पाचवर केला. आई म्हणाली, "थंडी वाजतेय नलू, कमी कर." कुणी कमी केला नाही.

घरी येताना गाडी बाबा चालवत होते. विश्रामबागच्या सिग्नलला म्हणाले, "गुडघा म्हणाली होतीस."

"गुडघाही दुखतो," आई म्हणाली.

सिग्नल सुटला. त्या विषयावर त्या दोघांचं माझ्यासमोर झालेलं बोलणं एवढंच.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे खाली बसून तिच्या पायाकडे हात नेला. तिने पाय पदराखाली घेतला. रागाने नाही. पाहुण्यांसमोर घेतात तसा.

गुरुवारी मी स्कूटर पुसली, किक मारून ठेवली. "आई, साडेचार झाले."

ती वह्या तपासत होती. "कुठे जायचंय?"

"मिरजेला."

"गुडघा बरा झालाय माझा," ती म्हणाली आणि एका मुलीचा अर्धा मार्क कापला.

मी एकटाच गेलो. कुणीतरी तिथे सांगायला हवं होतं. डॉक्टरांनी माझ्यामागे पडद्याकडे पाहिलं. "ताई?"

"गुडघा बरा झाला म्हणाली."

त्यांनी चष्मा काढला. "सात झाल्यात. अजून पाच राहिल्या. त्यांना सांग, साडेपाचची वेळ मी दुसऱ्या कुणाला देत नाही."

मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "द्यावी त्यांनी. कुणाचं तरी भलं होईल."

मेच्या पहिल्या आठवड्यात लाटा पुन्हा अकरावर गेल्या असाव्यात. असाव्यात म्हणतो, कारण आईने आकडे सांगणं बंद केलं होतं. पण तिच्या हातात कायम वहीचा पुठ्ठा असायचा. पंधरा तारखेला नलूकाकू आल्या तेव्हा आईनेच विषय काढला.

"नलू, कन्यादानाला तू आणि भाऊजी बसा."

"काहीतरीच काय वहिनी! तुम्ही असताना?"

"मी असेनच की. मध्येच उठले तर तिच्या सासरचे बघत राहतील. आता सगळ्यांना माहीत आहे ना, सगळे माझ्याकडेच बघणार. होमाकडे कुणी बघणार नाही."

"कुणी काही म्हणणार नाही हो."

"म्हणणार नाहीत. हसतील."

काकू रडल्या. आई रडली नाही. मी शेजारच्या खोलीत पत्रिकांवर हळद-कुंकू लावत होतो. मी एका पत्रिकेला सात वेळा लावलं.

तेवीस मेला कार्यालयात होम पेटला आणि पंखे बंद झाले. काकूंच्या कपाळावरून घाम गळत होता. तो घाम सगळ्यांना मान्य होता. बाबा काकांच्या मागे उभे राहून विधी पाहत होते. लाह्या घालायला भाऊ लागतो, म्हणून मला होमाजवळ बसवलं. शर्वरीच्या ओंजळीत लाह्या घालताना तिने हळूच विचारलं, "आई कुठाय?"

मी मान वर केली. आई हॉलच्या टोकाला कूलरजवळ उभी होती. पैठणीत. पुढे येणाऱ्या एका आजींना ती वाट करून देत होती. मग तिने तिथूनच आमच्या दिशेने अक्षता टाकल्या. त्या कूलरच्या वाऱ्याने मागेच गेल्या.

"आहे," मी म्हणालो.

ते उकाडे पुढे अडीच वर्षं चालले आणि आपोआप थांबले. शर्वरीला मुलगी झाली. मी दोन्ही विषय सोडवून एका सरकारी कचेरीत लागलो. आमच्या घरात ती गोष्ट कुणी काढत नाही. बाहेर मात्र माझा उखाणा चालू आहे. मागच्या वर्षी एका मुंजीत एका अनोळखी माणसाने तो मलाच ऐकवला.

त्या मुंजीहून आल्यावर आई वाटाणे सोलत होती, मी समोर बसलो. म्हटलं, "आई, केळवणाच्या दिवशी तू अडकली होतीस ना? म्हणून मी..."

"अडकले? कोण म्हणालं?"

"बोललीच नाहीस."

"लाट आली होती." तिने शेंग मोडली. "एस्तेरबाईंनी शिकवलं होतं. मनगटावर अंगठा ठेवायचा, श्वास लांब सोडायचा आणि सावकाश वीस मोजायचे. विसाला ओसरते. आधी बोलायला गेलं की चढते. त्या दिवशी ओसरतच होती."

"म्हणजे उखाणा तयार होता?"

"सकाळपासून तयार होता. शर्वरीचंही नाव घातलं होतं त्यात. मी अकरावर होते."

"काय?"

"मोजताना. अकरावर होते मी, तू उठलास."

मी वाटाणे सोलायला घेतले. वाटी भरल्यावर विचारलं, "काय होता उखाणा?"

"आता काय करायचाय?" ती म्हणाली. "टरफलं तिकडे टाक."

मी नंतरही तीनदा विचारलं. तिन्ही वेळा हेच उत्तर मिळालं. कचेरीत एक शिकलो आहे की तोंडी मागणीचा उपयोग नसतो, लेखी द्यावं लागतं. म्हणून देतो.

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी (जे कोणी असतील ते)

विषय : उखाणा घेण्याकामी नऊ आकड्यांची मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, श्री. अनंत कवठेकर यांच्या राहत्या घरी झालेल्या केळवणप्रसंगी दुपारी अंदाजे सव्वा वाजता सौ. वैजयंती रमाकांत कवठेकर यांची मोजणी अकरा या आकड्यावर असताना अर्जदाराने कोणतीही परवानगी न घेता हस्तक्षेप केला. तरी सदर मोजणी बारापासून वीसपर्यंत पूर्ण होऊ द्यावी, तोवर अर्जदारास उभे राहण्यास व तोंड उघडण्यास सक्त मनाई करावी, उपस्थितांनी वाटीवर चमचे वाजवू नयेत, आणि तदनंतर सदर महिलेस आपला उखाणा स्वतःच्या आवाजात घेऊ द्यावा.

अर्जदाराने तो अद्याप ऐकलेला नाही.

आपला विश्वासू,
हृषीकेश रमाकांत कवठेकर